सत्ता, सत्ताशास्त्र आणि चवदार तळे

मराठीत तत्त्वज्ञानाची परिभाषा ज्यांनी घडवली त्यांनी ‘मेटाफिजिक्स’ या शास्त्राला ‘सत्ताशास्त्र’ असा प्रतिशब्द दिला. सत्ता म्हणजे असणे. जे आहे ते मुळात काय आहे, याचा विचार करणारे ते सत्ताशास्त्र. परंतु आपल्या वस्त्यांतून जी मुले-मुली महाविद्यालयात येतात त्यांना हा अर्थ आधी माहीत नसतो. सत्ता म्हणजे हुकमत, सत्ता म्हणजे ज्याच्या हाती पोलीसपाटील, तलाठी आणि विहिरीचा रहाट त्याची ती. दरवर्षी पहिल्या तासाला कोणीतरी विचारतेच, “मॅडम, हे राज्यशास्त्राच्या पेपरात नाही का?” वर्ग हसतो. मी मात्र हसत नाही. कारण ज्या युरोपीय तत्त्वज्ञाविषयी मला येथे लिहायचे आहे, त्याने आयुष्यभर नेमके हेच सांगितले, की ‘असण्या’चा विचार सर्वांत आधी ठेवणारे तत्त्वज्ञान हे अखेरीस हुकमतीचेच तत्त्वज्ञान ठरते. त्याला हे सिद्ध करायला जाडजूड ग्रंथ लिहावा लागला. मराठी भाषेने ते एका शब्दात कधीचेच कबूल करून ठेवले आहे.

हा तत्त्वज्ञ म्हणजे इमॅन्युएल लेव्हिनास. जन्म १९०६, लिथुआनियातील कौनास गावी, ज्यू कुटुंबात. शिक्षणासाठी तो फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे गेला आणि १९२८-२९ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हुसर्ल व हायडेगर यांच्या वर्गात बसला. हायडेगरचा ‘सत्ता आणि काल’ हा ग्रंथ १९२७ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि त्याने युरोपातील तरुण अभ्यासक भारावून गेले होते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान अनेक शतके वस्तूंचा विचार करीत राहिले, पण ‘असणे’ म्हणजे काय हा मूळ प्रश्न विसरले, असे हायडेगरचे म्हणणे. विचार खोल होता यात शंका नाही. पण असण्याचा एवढा खोल विचार करणारा हा माणूस १९३३ च्या एप्रिलमध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १ मे रोजी नाझी पक्षाचा सदस्य झाला. १९४५ पर्यंत त्याने ते सदस्यत्व सोडले नाही. त्याच्या खाजगी वह्या २०१४ पासून छापून येऊ लागल्या, तेव्हा त्यांत ज्यूंविषयीची विषारी वाक्येही सापडली.

शिष्याचे काय झाले? लेव्हिनास फ्रेंच सैन्यात होता. १९४० मध्ये पकडला गेला आणि पुढची पाच वर्षे जर्मनीतील युद्धकैद्यांच्या छावणीत राहिला. ज्यू कैद्यांची बराक वेगळी असे, त्यांना जंगलात लाकूडतोडीच्या कामावर नेत. लिथुआनियात त्याचे आईवडील आणि भाऊ मारले गेले. पुढे एका लेखात त्याने या छावणीतील एका भटक्या कुत्र्याची आठवण सांगितली आहे. रस्त्याने जाणारी माणसे या कैद्यांकडे माणूस म्हणून पाहत नसत. पण हे कुत्रे सकाळ-संध्याकाळ शेपूट हलवून त्यांचे स्वागत करी. त्याच्या लेखी ती माणसे होती. हा प्रसंग मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकांवर चुळबूळ थांबते. गावकुसाबाहेरच्या माणसाला कुत्र्याची ओळख वेगळी द्यावी लागत नाही. मनूने दहाव्या अध्यायात चांडाळाला गावाबाहेर राहण्याची आणि मृतांची वस्त्रे नेसण्याची आज्ञा केली, आणि त्याची मालमत्ता म्हणून कुत्री व गाढवे ठरवून दिली, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे.

१९६१ मध्ये लेव्हिनासचा ‘समग्रता आणि अनंत’ हा ग्रंथ आला. त्याचे सार थोडक्यात असे. मी दुसऱ्या माणसाला ‘जाणून’ घेतो तेव्हा मी त्याला माझ्या कल्पनांच्या कप्प्यात बसवतो. हा अमक्या जातीचा, तमक्या वंशाचा, हा मजूर, हा ग्राहक. अशा रीतीने दुसरेपण गिळून एक समग्र व्यवस्था उभी करणे हाच सत्तामीमांसेचा स्वभाव. परंतु दुसऱ्याचा चेहरा या कप्प्यात मावत नाही. तो समोर येतो आणि बोलण्याआधीच मला बजावतो, की मला मारू नकोस. येथून नीती सुरू होते. म्हणून नीतिशास्त्र ही सत्ताशास्त्राच्या झाडाला नंतर फुटलेली फांदी नव्हे. तेच आद्य तत्त्वज्ञान आहे. लेव्हिनासने ‘मेटाफिजिक्स’ हा शब्द टाकून दिला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्याने तो सत्तामीमांसेच्या हातून काढून घेतला आणि दुसऱ्या माणसाशी असलेल्या नात्याला दिला.

आता आपल्याकडे वळू. १९२७ हे साल मी वर सांगितले ते हायडेगरच्या ग्रंथाचे. त्याच सालच्या २० मार्चला महाडला माणसे चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरली. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला होता, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. म्हणजे कागदावर ते सर्वांचे ‘होते’. तरीही पाणी प्यायल्यानंतर माणसांना झोडपण्यात आले आणि पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेतील भाषणात बाबासाहेबांनी या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली आणि या पाण्याने आपण अमर होणार नाही, आपणही माणसे आहोत एवढे सिद्ध करण्यासाठी आपण तळ्यावर जात आहोत, असा आशय मांडला. ‘आपणही माणसे आहोत’ हे विधान कोणत्या शास्त्रात बसते? सत्ताशास्त्रात, की नीतिशास्त्रात? ते दोन्हींत बसते, आणि त्याला सिद्धता लागली ती ओंजळभर पाण्याची. असण्याचा प्रश्न त्या वर्षी जगात दोन ठिकाणी विचारला गेला, असे मी म्हणते तेव्हा काही सहकाऱ्यांना ती अतिशयोक्ती वाटते. मला ती वाटत नाही.

अतिशयोक्ती वाटणाऱ्यांसाठी एक पुरावा युरोपातूनच देता येतो. फ्रीडरिश नीत्शे हा आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञानाचा एक मूळपुरुष. हायडेगर, फूको, देरिदा सगळेच त्याचे ऋण मानतात. १८८८ मध्ये त्याच्या हाती मनुस्मृतीचे लुई जाकोलिओने केलेले फ्रेंच भाषांतर पडले. भाषांतर भरवशाचे नव्हते, त्यात मूळ स्मृतीत नसलेला मजकूरही घुसडलेला होता. नीत्शेने ते आनंदाने वाचले आणि त्याच वर्षी लिहिलेल्या दोन पुस्तकांत वापरले. ‘मूर्तींची संध्याकाळ’ या पुस्तकात तो चांडाळांवरील निर्बंध सांगतो. त्यांत पाण्याचा निर्बंध आहे: नदीचे, विहिरीचे, तळ्याचे पाणी घ्यायचे नाही, दलदलीच्या कडेचे आणि जनावरांच्या पावलांनी झालेल्या खड्ड्यांतले घ्यायचे. म्हणजे चवदार तळ्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी युरोपच्या सर्वांत बंडखोर तत्त्वज्ञाच्या टेबलावर हा पाण्याचा प्रश्न येऊन पडला होता. त्याने त्यातून काय काढले? हे सारे आपल्या भावनेला भयंकर वाटते, हे त्याने नोंदवले. पण निर्भेळ आर्य मानवता म्हणतात ती हीच, असा निष्कर्ष काढला आणि ख्रिस्ती धर्माला चांडाळांचा सूड ठरवले. ‘ख्रिस्तविरोधी’ या पुस्तकात तर बायबलपेक्षा मनू श्रेष्ठ, असा निर्वाळा त्याने दिला.

बाबासाहेबांनी हे वाचले होते. ‘हिंदुत्वाचे तत्त्वज्ञान’ या त्यांच्या हस्तलिखितात नीत्शे येतो. हे हस्तलिखित महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या तिसऱ्या खंडात छापले. नीत्शेचा झरतुष्ट्र म्हणजे मनूचेच नवे नाव, असे ते तेथे म्हणतात. मात्र लगेच फरकही करतात. नीत्शेला निदान माणसाची नवी, श्रेष्ठ जात घडवायची होती, मनूला केवळ जन्माने मिळालेले हक्क राखायचे होते. शत्रूच्या बाजूच्या विचारवंताला एवढा न्याय देणारे वाचन आजच्या विद्यापीठांतही दुर्मिळ आहे. कोलंबियात जॉन ड्यूईंचे विद्यार्थी असलेले आणि १९२२ च्या सुमारास जर्मनीत बॉन विद्यापीठात नाव नोंदवून आलेले बाबासाहेब युरोपीय तत्त्वज्ञानाकडे भक्त म्हणून पाहत नाहीत आणि परके म्हणूनही पाहत नाहीत.

या हस्तलिखितात ते तत्त्वज्ञानाला कसोट्या लावतात त्या न्यायाच्या आणि उपयुक्ततेच्या. ईश्वर आहे की नाही, आत्मा नित्य की अनित्य, हे प्रश्न कसोटी म्हणून येतच नाहीत. येथे प्रस्थापित विद्वान नाक मुरडतात. ते म्हणतात, हे समाजशास्त्र झाले, तत्त्वज्ञान नव्हे.

त्यांच्या समजुतीतले तत्त्वज्ञान महाराष्ट्रात कोठे नांदत होते, तेही पाहू. खानदेशात अमळनेर येथे १९१६ साली प्रताप शेठजींच्या दानातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. अद्वैत वेदान्ताचा सखोल अभ्यास हे त्याचे प्रमुख कार्य. तेथे संशोधकांना शिष्यवृत्ती मिळे, इंग्रजीत त्रैमासिक निघे, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वचिंतक तेथे येऊन राहिला. मी या संस्थेची चेष्टा करीत नाही. भारतीय भाषांत आणि इंग्रजीत गंभीर तत्त्वचर्चा करणारी अशी जागा विरळाच. माझा प्रश्न इतकाच, की ‘सर्व काही ब्रह्मच आहे’ या सिद्धान्ताचा एवढा सूक्ष्म विचार ज्या काळात चालला होता, त्याच काळात त्याच महाराष्ट्रात पाण्यासाठी माणसांची डोकी फुटत होती, आणि या दोन घटनांना एकमेकींची गरज वाटली नाही. साने गुरुजी काही काळ याच मंदिरात होते. त्यांनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. अद्वैतातून समता निघत असती, तर अद्वैत शिकलेल्या माणसाला अद्वैत मानणाऱ्यांच्या दारात उपाशी बसावे लागले नसते.

‘हिंदू धर्मातील कोडी’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच प्रश्न विचारला आहे. हा ग्रंथ १९८७ मध्ये छापून आला. राम-कृष्णांवरील परिशिष्टामुळे त्यावर वादळ उठले आणि १९८८ च्या आरंभी मुंबईत आपला प्रचंड मोर्चा निघाला. त्या वादळात बाविसावे कोडे बहुतेकांच्या वाचनातून निसटले. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. सर्व माणसे एकाच ब्रह्माचे अंश असतील, तर लोकशाहीला यापेक्षा भक्कम पाया नाही, असे ते तेथे मोकळेपणाने मान्य करतात. आपण सर्व देवाची लेकरे आहोत या कल्पनेपेक्षाही हा पाया भक्कम. मग या पायावर इमारत का उभी राहिली नाही? कारण ब्रह्म हे धर्म झाले नाही. ते विचारात राहिले, आचाराचा नियम मनूकडेच राहिला. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्य परमार्थात भेद नाकारतात. आणि त्याच भाष्यात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, शूद्राला वेदाचा अधिकार नाही असे सांगून वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतण्याचे स्मृतिवचन आधार म्हणून देतात. परमार्थ आणि व्यवहार या दोन मजल्यांच्या घरात वरच्या मजल्यावर सगळे एक आणि खालच्या मजल्यावर प्रत्येकाची कपबशी वेगळी.

कपबशीवरून नौपाड्यातील एक गोष्ट सांगते. आमचे घर वागळे इस्टेटच्या अंगाला. वडील कारखान्यात रोजंदारीवर, आणि आई तीन हात नाका ओलांडून नौपाड्यात धुण्याभांड्यांना जायची. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एका घरी तिने अकरा वर्षे काम केले. त्या घरातले आजोबा दर गुरुवारी गीतेच्या वर्गाला जात, आणि आईच्या सांगण्याप्रमाणे फार गोड बोलत. महिन्याचा पगार मात्र आईच्या हातात कधी दिला गेला नाही. वॉशिंग मशीनच्या झाकणावर ठेवला जाई. मी दहावीत असताना तिला विचारले, “तुला राग नाही येत?” ती म्हणाली, “अगं, माणसं वाईट नव्हती ती. माझ्या बाळंतपणात महिनाभराचे पैसे बिनकामाचे दिले त्यांनी. फक्त हात लावायचा नाही, एवढंच.” हे ‘एवढंच’ मी पुढे पुष्कळ वर्षे वागवले. एम. ए. ला असताना हुसर्लचे ते प्रसिद्ध विवेचन वाचले, की उजवा हात डाव्या हाताला स्पर्श करतो तेव्हा स्पर्श करणारा कोण आणि स्पर्शिला जाणारा कोण हे एकाच वेळी उलटसुलट होते. स्पर्श करणे म्हणजे स्वतःही स्पर्शिले जाणे. मला वॉशिंग मशीनचे झाकण आठवले.

सुंदर सरुक्कै यांनी २००९ मध्ये हाच धागा पकडून अस्पृश्यतेचे विवेचन केले. त्यांचे म्हणणे असे, की अस्पृश्यता मुळात स्पर्श नाकारणाऱ्याच्या ठिकाणी असते. आपण अस्पर्श्य राहावे ही ब्राह्मणाची गरज, आणि तिचा भार तो दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. गोपाळ गुरू यांनी त्याच सुमारास आपले विवेचन केले आणि दोघांचा वादसंवाद २०१२ मध्ये ‘द क्रॅक्ड मिरर’ या पुस्तकात एकत्र आला. अनुभव ज्याचा, त्यावर सिद्धान्त मांडण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या वादातील खरा निखारा. गुरू यांनी २००२ मध्येच विचारले होते, की आपल्या समाजशास्त्रांत काहीजण सिद्धान्ताचे ब्राह्मण आणि बाकीचे माहिती गोळा करणारे शूद्र, ही विभागणी कोठून आली? नौपाड्यातल्याच एका अभ्यासमंडळात काही वर्षांपूर्वी मी लेव्हिनास आणि महाड यांवर बोलले, तेव्हा अध्यक्षस्थानच्या गृहस्थांनी समारोपात माझ्या ‘अनुभवकथना’चे कौतुक केले. दीड तासात मी आईविषयी एक शब्दही बोलले नव्हते.

येथे लेव्हिनासशी माझे भांडण सुरू होते, आणि ते टाळून चालणार नाही. त्याच्या नीतीत मी दुसऱ्याचा अमर्याद देणेकरी आहे. दुसरा माझे काय देणे लागतो, हे मी विचारायचे नाही. तो त्याचा प्रश्न. १९७४ च्या ग्रंथात तर तो मला दुसऱ्याचा ओलीस म्हणतो. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला हे सांगणे योग्यच. पण ज्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे ओझे वाहायलाच जन्माला घातले, त्याला हीच नीती कशी सांगणार? येसकराची पाळी करणाऱ्याला ‘तू दुसऱ्याचा ओलीस आहेस’ हे तत्त्वज्ञाने कळवण्याची गरज नव्हती. शिवाय चेहरा समोर आला की नीती जागी होते, हे त्याचे गृहीत. आपली समाजव्यवस्था तर चेहरा समोर येऊच नये यासाठी रचलेली. गळ्यातले मडके, कमरेचा झाडू हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त सांगितलेले पेशवाईतले दाखले आठवावेत. ज्याची थुंकी आणि पाऊलखूणही मागे राहू द्यायची नाही, त्याचा चेहरा कोण पाहणार? खुद्द लेव्हिनासलाही चेहरा सगळीकडे दिसला नाही. १९८२ मध्ये साब्रा आणि शातिलाच्या कत्तलीनंतर नभोवाणीवर त्याला विचारले गेले, की इस्राएलीला ‘दुसरा’ म्हणजे सर्वांत आधी पॅलेस्टिनी नव्हे काय? त्याचे उत्तर त्याच्याच तत्त्वज्ञानाला अपुरे पडले.

त्याला या अडचणीची जाणीव नव्हती असे नाही. जगात आम्ही दोघेच नाही, तिसराही आहे. म्हणून तुलना, कायदा, न्यायालय यांची गरज पडते, असे तो म्हणतो. पण हा तिसरा त्याच्याकडे मागाहून येतो. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मात्र आरंभापासूनच धम्म सामाजिक आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोघे एकत्र आले की ती टळत नाही, असे ते मानतात. जग शाश्वत आहे काय, तथागत मृत्यूनंतर असतो काय, या मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नांना बुद्धाने उत्तर दिले नाही. बाण लागलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचे कूळ विचारीत बसू नये, हा त्याचा दृष्टान्त. अनेक भाष्यकारांनी यात रहस्य शोधले. बाबासाहेबांनी सरळ अर्थ घेतला, की दुःखाच्या निवारणाशी ज्याचा संबंध नाही ते बाजूला ठेवा. इतर धर्मांत ईश्वराचे जे स्थान, ते धम्मात नीतीचे. लेव्हिनासच्या ‘नीतिशास्त्र हेच आद्य तत्त्वज्ञान’ या घोषणेच्या चार वर्षे आधी हे छापून झाले होते.

आणि बाबासाहेब येथे थांबत नाहीत. नीती तर चोरांच्या टोळीतही असते, जातीतही असते, असे ते बजावतात. जात आपल्या माणसांना सांभाळतेच. माझ्या आईला महिनाभराचा पगार देणारे घरही आपल्या नीतीने वागत होते. म्हणून नीती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, अशी त्यांची मागणी. करुणेपाशी न थांबता ते मैत्रीला पुढे का आणतात, हेही यावरून कळते. करुणा करणारा वर उभा राहू शकतो. मैत्रीला दोघांनी एका पायरीवर यावे लागते. अस्तित्ववादाने मराठी लेखकांना साठीनंतर झपाटले तेव्हा जग निरर्थक आहे ही त्यांची वेदना होती. आपल्या लेखकांना तो चष्मा कधी नीट बसला नाही, कारण आपल्याला लाभलेले जग निरर्थक नव्हते. त्यात फार काटेकोर अर्थ भरलेला होता: या विहिरीला हा अर्थ, या सावलीला हा, या हाताला हा.

चवदार तळ्याचा खटला उच्च न्यायालयात संपला तो मार्च १९३७ मध्ये, अस्पृश्यांच्या बाजूने. दहा वर्षे प्रश्न असा चालला होता, की तळे खाजगी की सार्वजनिक, आणि स्पृश्यांची ‘प्राचीन वहिवाट’ कायद्याने टिकते की नाही. आमच्या महाविद्यालयात येत्या सत्रात मी तृतीय वर्षाच्या मुलांकडून तीन मजकूर शेजारी ठेवून वाचून घेणार आहे: या खटल्याचा निकाल, नीत्शेने पाण्याविषयी उतरून घेतलेले ते निर्बंध आणि बाविसावे कोडे. अभ्यासक्रमात यांपैकी एकही नाही. तासिका शनिवारी दुपारी आहे, आणि सतरा जणांनी नावे दिली आहेत.